चार एकर कातळ आहे, पोकलेन लावू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, वडिलोपार्जित चार एकर जागा, सातबाऱ्यावर पोटखराबा, नावं अकरा जणांची. विचारणारे दादा डोंबिवलीला असतात, मे महिन्यात गावी जाऊन आले, तेव्हा कातळावर गवताची काडी नव्हती आणि चपलेतूनसुद्धा चटके बसत होते. चुलत भाऊ म्हणतो पोकलेन लावून फोडू, माती टाकू, हापूसची नाहीतर काजूची कलमं लावू. एक एजंट चिरेखाणीसाठी, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढायला, जागा भाड्याने मागतोय. आणि मुंबईतली काही मंडळी पाचशे रोपं फुकट द्यायला तयार आहेत, म्हणजे पडीक जागेत जंगल होईल. दादा शेवटी विचारतात की पैसे मिळाले तर हवेच आहेत, पण निसर्गासाठी काही चांगलं होणार असेल तर तेही करायचंय, तर यातलं बरोबर काय.

मी गेली २६ वर्षं लांजा, राजापूर, देवगड या पट्ट्यात कलमांच्या बागा उभ्या करून देतो. आखणी, खड्डे, माती, पाणी, सगळं. माझं घर आंब्यावर चाललं, पोरांची शिक्षणं आंब्यावर झाली, त्यामुळे मी आंब्याच्या विरोधात बोलतोय असं कुणी समजू नये. पण गेल्या बारा-तेरा वर्षांत मी एक नियम केलाय, कातळाची जागा पावसात फिरून बघितल्याशिवाय मी आखणीची दोरी लावत नाही. का ते सांगतो, आणि त्यातच तुमचं उत्तर आहे.

दादा, तुमचा खरा प्रश्न "काय लावू" हा नाहीये. खरा प्रश्न आहे "जागा रिकामी आहे का". तिन्ही पर्याय, आंबा, चिरा आणि जंगल, हे तिघंही जागा रिकामी आहे असं धरूनच चाललेत. आणि तुम्ही जागा बघितलीत मे महिन्यात. सड्याला मे महिन्यात बघून त्याच्याबद्दल मत बनवणं म्हणजे ओढ्याला उन्हाळ्यात बघून इथे पाणीच नसतं म्हणण्यासारखं आहे.

आधी पोटखराबा या शब्दाचं बघू, कारण तिथेच अर्धी लोकं फसतात. हा महसुलाचा शब्द आहे. जमिनीवर शेतसारा आकारताना जेवढा भाग लागवडीला योग्य नाही तेवढा बाजूला काढला आणि त्याला खराबा म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. तिथे काही उगवत नाही, काही राहत नाही, असं सातबारा कुठेच म्हणत नाही. देशपातळीवर पडीक जमिनींचे जे नकाशे होतात त्यातही असा उघडा खडक पडीकच्याच एका प्रकारात मोडतो. कागदावर एकदा खराबा लागला की पुढच्या पिढ्यांना ती जागा खराबच दिसायला लागते, आणि मग "तिचं काहीतरी करायला पाहिजे" हे ओघाने येतं.

आता कातळ म्हणजे काय ते थोडं समजून घ्या. आपला जांभा हा काळ्या बसाल्ट खडकावर लाखो वर्षं धो धो पाऊस आणि ऊन पडून तयार झालाय. विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले, म्हणून तो रंग. शास्त्रज्ञ याला लॅटराइट म्हणतात, ते नाव बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये केरळातला जांभा बघून दिलं, लॅटिनमध्ये वीट म्हणजे लेटर, त्यावरून. खालचा जांभा मऊ असतो, हत्याराने कापता येतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून तर चिरे निघतात. पण सड्यावर जो वरचा काळपट कडक थर आहे ना, तो एकदा फुटला की परत येत नाही, तुमच्या माझ्या कितीही पिढ्या गेल्या तरी. बाकी कुठलाही निर्णय फिरवता येतो, आंबा लावला तर उद्या तोडता येतो, कातळ फोडला की तो निर्णय कायमचा. म्हणून घाई नको म्हणतो.

बरं, मग तिथे असतं काय. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत जा, कातळाच्या भेगांमधून आणि दोन-तीन इंच मातीतून कोंब यायला लागलेले दिसतील. पावसाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत काही सड्यांवर पांढऱ्या फुलांची कोकण दीपकाडी येते, शास्त्रीय नावातच कोकण आहे, डिपकॅडी कोंकनेन्स. ही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यातल्या कातळांवरची वनस्पती आहे, जगात बाकी जवळजवळ कुठे सापडत नाही. जमिनीखाली कांदा असतो तिला, वर्षातले आठ-नऊ महिने ती त्या कांद्यात गपचूप बसून असते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपण प्लॉट बघायला जातो. मग श्रावण-भाद्रपदात पांढऱ्या बटणांसारखा गेंद, निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे, तेरडा, नभाळी, पिवळा कवला, आमरीचे तुरे. गणपतीच्या वर टांगायच्या माटवीला लागणारी हरणाची फुलं नि तेरडा तुमच्या आजीने कुठून आणला असेल असं वाटतं? बहुतेक गावांत सड्यावरून आणि त्याच्या कडेच्या घसारीवरूनच, म्हणजे उतारावरूनच.

सीतेची आसवं मी तुम्हाला जवळून बघायला लावीन. एकदा माझ्याबरोबर एक बागायतदार होता, त्याला घाई होती, मी त्याला गुडघ्यावर बसवलं आणि दहा रुपयांच्या भिंगातून एक रोप मुळासकट दाखवलं. खाली ओल्या मातीत मोहरीपेक्षा लहान, पारदर्शक फुगे असतात. प्रत्येक फुग्याला एक झडप, झडपेवर केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला टेकला की झडप आत उघडते आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो, सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात. डोळ्याला दिसतसुद्धा नाही. तिथेच बाजूला लालसर केसांवर चिकट थेंब घेऊन बसलेला ड्रोसेरा होता, त्याला आपल्याकडे दवबिंदू म्हणतात, त्याच्यावर एक चिलट चिकटलं होतं आणि अजून पाय हलवत होतं. तो बागायतदार अर्धा तास तिथून उठला नाही.

आता हे का सांगतोय तर याच्यात एक कामाची गोष्ट आहे. ही रोपं किडे खातात कारण कातळावरच्या त्या चमचाभर मातीत नत्र जवळजवळ नसतंच. म्हणजे यांना गरीब जमीनच लागते. तुम्ही बाहेरून माती आणून टाकली, शेणखत टाकलं, युरिया टाकला, की यांचं घर संपलं, कारण मग रानमोडीसारखं जोरदार तण तिथे येतं आणि यांना झाकून टाकतं. मला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, मी उभ्या केलेल्या बागांमध्ये दोन कलमांच्या मधल्या न फोडलेल्या पट्ट्यांतसुद्धा तिसऱ्या-चौथ्या वर्षी ही फुलं दिसेनाशी झाली, खत वाहून तिथवर पोचतं. म्हणजे "मधला कातळ तसाच ठेवू, फक्त खड्ड्यापुरता फोडू" हे ऐकायला बरं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे.

प्राण्यांचंही तसंच. सड्यावर सुट्या पडलेल्या दगडांखाली एक छोटी पाल असते, अंगावर पांढरट पट्टे, भिंतीवर चढणारी नाही, जमिनीवरची. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. ही जगाला पहिल्यांदा कळली ती रत्नागिरीतल्या डोर्ले गावातून, १९६३ मध्ये, आणि आजही ती कोकणातल्या या कातळांपुरतीच माहीत आहे. तिला राहायला लागतो तो फक्त सुटा दगड आणि खालची कोरडी फट. आपण बाग करताना पहिलं काम काय करतो? सुटे दगड गोळा करून गडगा, म्हणजे दगडी कुंपण घालतो! मीही कितीतरी वर्षं हेच केलं, साफसफाई म्हणून. त्या दगडांखाली कुणाची घरं आहेत हे माहीतच नव्हतं. (दगड उलटून बघायचाच असेल तर हाताने नको, काठीने, आणि आपल्याकडे उघडणारी बाजू नको, कारण त्याच दगडांखाली फुरसंही असतं. आणि बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवायचा.) टिटवीची अंडी तर उघड्यावरच असतात, खड्यांच्या रंगाची चार अंडी, माणूस त्यांच्यावर पाय देईल तरी कळणार नाही. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर पुढे न जाता आल्या वाटेने मागे फिरायचं. चंडोल आहेत, ससे आहेत, रात्री कोल्हे फिरतात. आणि पावसात जी उथळ डबकी साचतात त्यात कोळंबीसारखे दिसणारे इवले इवले जीव पोहताना दिसतात, त्यांची अंडी डबकं सुकल्यावर मातीत पडून राहतात आणि पुढच्या पावसात परत फुटतात.

तुमच्याकडे यातलं सगळंच असेल असं मी म्हणत नाही. सडा सड्यासारखा नसतो. काही जागा आधीच इतक्या जाळल्या गेल्यात, गाड्या फिरवून किंवा दगड काढून अशा बिघडल्यात की तिथे वाचवण्यासारखं कमी उरलंय, काही ठिकाणी मुळातच कातळ कमी आणि माती जास्त असते. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला तुमच्या जागेत एका कोपऱ्यात झुडपं दिसली, तिथे नक्की माती आहे. म्हणून पावसात फिरायचं.

अजून एक गोष्ट आहे जी पोकलेन यायच्या आधी बघायलाच पाहिजे, ती म्हणजे कातळशिल्पं. तुम्ही राजापूरचे, म्हणजे बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ ही नावं ऐकलेलीच असणार. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मिळून नऊ ठिकाणच्या कातळशिल्पांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. कशेळीला एक हत्ती कोरलाय, साधारण अठरा मीटर लांब, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. ही चित्रं शतकानुशतकं लोकांच्या पायाखालीच होती, गुराख्यांना माहीत होती, पांडवांनी काढली म्हणायचे. पुष्कळ चित्रं पातळ मातीखाली आणि गवताखाली आहेत. दुपारच्या उन्हात ती दिसत नाहीत, सूर्य कलता असताना, सकाळी नाहीतर संध्याकाळी, सावली पडली की खोदलेली रेघ उठून येते. पहिल्या पावसात खाचांत पाणी भरलं की अजून सोपं. एखादी सरळ किंवा गोल खाच मुद्दाम केल्यासारखी वाटली तर तिच्यात चुना-खडू भरू नका, ओरखडू नका, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. यासाठी तुमच्या गावातल्या जुन्या गुराख्याला विचारणं सगळ्यात उत्तम.

आता पाण्याबद्दल, आणि हे मला जरा सविस्तरच सांगायचंय, कारण हे माझ्या हातून झालेलं आहे.

२००४ च्या सुमाराची गोष्ट. एका सड्याच्या कडेला सहा एकरांची बाग आखायची होती. जागेत मधोमध एक उथळ तळी होती, दोन-अडीच गुंठ्यांची, पावसाळ्यात भरायची आणि दिवाळीनंतर कधीतरी सुकायची. मालकाला ओळी सरळ हव्या होत्या. मी मातीचे डंपर मागवून ती बुजवली आणि पाणी साठू नये म्हणून कडेला चर काढून ते घसारीवरून खाली सोडलं. आंब्याच्या मुळाशी पाणी साठून चालत नाही, त्यामुळे बागेच्या हिशोबाने काम चोख होतं. सड्याच्या खाली वाडी आहे, बारा-पंधरा घरं, एक सार्वजनिक विहीर. दुसऱ्या वर्षापासून ती विहीर शिमग्यानंतर तळ दाखवायला लागली. वाडीतली एक काकी मला वाटेत भेटली, भांडली नाही, नुसती म्हणाली, "वरती तळीत पाणी असायचा तोवर आमची हीर कधी हलली नाय." त्याच काळात खाली दोन बोअरवेलही पडल्या होत्या, पाऊसही एक वर्ष लवकर गेला होता, त्यामुळे सगळा दोष तळीचाच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मी आजही त्या वाटेने जाताना विहिरीत डोकावतो, आणि त्यानंतर एकही तळी बुजवलेली नाही.

यामागचं गणित असं की जांभा सच्छिद्र असतो, भेगांतून, पोकळ्यांतून पाणी हळूहळू खाली जातं, खाली चिकण मातीचा थर लागला की ते आडवं सरकतं आणि सड्याच्या पायथ्याला झरा म्हणून बाहेर येतं. पुष्कळशा वाड्या त्या झऱ्यांच्याच आजूबाजूला बसलेल्या आहेत, उगाच नाही. सडा म्हणजे वाडीची वरची टाकी. कंत्राटदार तुम्हाला सांगेल की कातळ फोडला की उलट पाणी जास्त मुरतं. फोडलेल्या जागेत पाणी मुरतं हे खरं, पण बाग केली की आपण तिथे पाणी थांबू देत नाही, चर काढून बाहेर घालवतो. म्हणजे शेवटी काय होईल ते उतार कुठे आहे, चर कुठे जातो, तळी राहते की जाते यावर आहे. तुमच्या जागेच्या खाली कुणाची विहीर आहे का हे आधी बघा, तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही.

आता एकेक पर्याय.

चिरेखाण, हिला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. यात परिस्थितीवर अवलंबून वगैरे काही नाही. भाडं चार-पाच वर्षं येईल आणि मग वीस-पंचवीस फूट खोल, उभ्या कडांचा खड्डा तुमच्या नावावर राहील. पावसात त्यात पाणी भरतं, गुरं पडतात, पोरं पोहायला उतरतात. गौण खनिजाची परवानगी, स्वामित्वधन हे सगळं एजंट "आम्ही बघतो" म्हणतो, पण सातबाऱ्यावर नाव तुमचं असतं आणि परवानगीपेक्षा जास्त उकरलं तर नोटीस तुम्हालाच येते. आणि अकरा नावं आहेत, सगळ्यांची संमती लागणार. एकट्या भावाच्या सहीवर कुणी काम सुरू करत असेल तर आत्ताच थांबवा.

फुकटची पाचशे रोपं. त्या लोकांची भावना चांगली आहे, त्यांना दुखवू नका, पण ही रोपं कातळावर घेऊ नका. सडा म्हणजे तोडलेलं जंगल नाही, तो मुळातच उघडा आहे आणि तिथले जीव उघड्यावरचेच आहेत, चंडोलाला झाडांची सावली नको असते, सीतेच्या आसवांनाही नको असते. आपल्याकडे पूर्वी सामाजिक वनीकरणात कातळांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तिच्याखाली जाऊन बघा, सुक्या पानांचा वीतभर थर आणि त्याखाली काही नाही. हिरवं दिसतं म्हणून ते निसर्गासाठी चांगलं असं नसतं. त्यांना सांगा की घसारीवर, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला, जुन्या गडग्यालगत जिथे माती आहे तिथे आपल्याकडची झाडं, किंजळ, ऐन, जांभूळ, रतांबा, अशी पन्नासच लावू आणि तीन वर्षं पाणी घालू. पाचशे लावून चारशे सत्तर मरण्यापेक्षा ते बरं.

आंबा-काजू. इथे मात्र खरंच परिस्थितीवर आहे. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा आल्या आणि कितीतरी कातळ त्यात आंब्याखाली गेले, त्यातून घरं उभी राहिली हे मी डोळ्याने बघितलंय. पण हिशोब नीट करा. हापूस दहा बाय दहा मीटरवर धरला तर एकरी चाळीस कलमं, चार एकरांत एकशे साठ. प्रत्येकाला मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, कातळात. प्रत्येक खड्ड्याला बाहेरची माती, आणि ती माती कुठल्यातरी दुसऱ्या डोंगराची खरवडलेली असते हे लक्षात ठेवा. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी, सड्यावर पाणी म्हणजे टँकर नाहीतर खालून पंप. पाच-सहा वर्षांनी फळ दिसतं, हाताला लागेल असं उत्पन्न यायला दहा वर्षं धरा, आणि हापूस वर्षाआड दगा देतो ते वेगळंच. मार्च-एप्रिलात वणवा आला तर एका दुपारी सगळं जातं. गावात राहून रोज फेरी मारणारं कुणी असेल तर हे जमतं. डोंबिवलीतून फोनवर बाग होत नाही, मी अशा बागा बघितल्यात, फोडलेला कातळ, सुकलेली कलमं आणि रानमोडी, म्हणजे आंबाही नाही आणि सडाही नाही. सगळ्यात वाईट तेच.

म्हणून तुमच्या चुलत भावाची गरज काय आहे ते आधी त्याला विचारा. तो गावात राहतो, जागेकडे बघतो, त्याला उत्पन्न हवंय, यात त्याचं काही चुकत नाही. शहरातून आपण फुलं वाचव म्हणायचं आणि त्याने पोट मारायचं हे मला पटत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. या पावसात, गणपतीला तुम्ही गावी जालच, तेव्हा दीड दिवस जास्त काढून भावाला बरोबर घेऊन चारही एकर फिरायचं. हातात लोखंडी सळई, दर दहा पावलांवर टोचायची आणि माती किती खोल आहे ते वहीत लिहायचं. साधारण असा नकाशा निघेल, उघडा कातळ, दोन-चार इंच मातीचा गवताळ भाग, पाणी साठणारे खळगे, आणि कडेला फूट-दीड फूट किंवा जास्त मातीचा पट्टा. लागवड त्या शेवटच्या पट्ट्यातच. तिथे सुरुंग नको, पोकलेन नको, टिकाव-पहारीने खड्डा होतो, खर्च निम्म्याहून कमी. तिथे काजू बघा, वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७, काजूला हापूसइतके लाड लागत नाहीत. चार एकरांत असा पट्टा पाऊण-एक एकर निघाला तरी साठ-पासष्ट काजू बसतात, आणि ते एक माणूस सांभाळू शकतो. कुंपणाचा गडगा घालायचा तर त्याच पट्ट्यातल्या खड्ड्यांतून निघालेल्या दगडांचा घाला, कातळावरचे सुटे दगड उचलू नका.

बाकी तीन एकर तसेच ठेवायचे. तसेच म्हणजे दुर्लक्ष नाही, थोडं काम आहे. गवत बी पडल्यावर, म्हणजे कार्तिकाच्या सुमारास कापायचं, त्याआधी नाही, म्हणजे पुढच्या वर्षीचं बी जमिनीत राहतं आणि वणव्याला जळायला काही उरत नाही, गवताला गुरांवाल्यांकडून चार पैसेही येतात. जागेच्या हद्दीवर दोन मीटरचा जाळपट्टा थंडीतच साफ करायचा. गुरं चरली तर चालतात, पूर्वीपासून चरतायत, फक्त पावसाच्या ऐन फुलांच्या दीड-दोन महिन्यांत थोडी बाजूला ठेवली तर बरं. गाड्या आत अजिबात नकोत. आता रील बनवणारे जीप घेऊन थेट फुलांवर जातात, एका चाकोरीत पुढची चार वर्षं काही येत नाही.

या तीन एकरांतून पैसे किती? खरं सांगायचं तर फारसे नाहीत. गवताचे थोडेफार, बाकी काही नाही. "इको टुरिझम करा" म्हणून सल्ला देणारे भेटतील, मी देणार नाही, थोड्या दिवसांच्या फुलांसाठी शंभर गाड्या आल्या तर फुलं दोन वर्षांत संपतील. त्यामुळे हा निर्णय पैशाच्या बाजूने बघितला तर खर्च वाचवण्याचा आहे, कमावण्याचा नाही. चार एकर फोडायचा खर्च वाचतो, तो एक एकर काजूवर आणि पाण्यावर लावा. भावाला हे असं आकड्यात मांडलंत तर तो ऐकेल, मी चार ठिकाणी असंच पटवलंय, आणि दोन ठिकाणी नाही पटलं हेही सांगतो. एकाने सगळं फोडलं. माझं काम मी सोडलं तिथलं.

कागदावर काही करता येतं का, तर हो. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, २००२ च्या कायद्याने, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती एकदा भरून कपाटात ठेवलेली असते. तुमच्या सड्यावरच्या फुलांची, पालीची, तळ्यांची नोंद फोटोसकट तिच्यात करून घ्या. उद्या आजूबाजूच्या सड्यावर काही मोठं आलं तर "इथे काहीच नव्हतं" असं कुणाला म्हणता येत नाही. आणि छोट्या जागेला काय किंमत असं वाटत असेल तर आंबोलीला बघा, हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात एक नवा छोटा मासा सापडला आणि ती जागा २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, जेमतेम दोन हेक्टरची.

तर आत्ता तुम्ही करायचं ते एवढंच. एजंटला नाही सांगा, पोकलेनवाल्याला गणपतीनंतर बघू सांगा, रोपवाल्यांना पन्नास रोपं आणि जागा घसारीवर असं सांगा. भावाला फोन करून विचारा की खाली वाडीत विहिरी कुठे कुठे आहेत आणि त्या कधी आटतात. शक्य असेल तर त्याला आत्ताच, पाऊस पडायच्या आधी, दोरीला दगड बांधून प्रत्येक विहिरीचं पाणी कठड्यापासून किती खाली आहे ते मोजून तारखेसकट लिहून ठेवायला सांगा, आणि मग दर महिन्याच्या एक तारखेला तेच. गणपतीला फिराल तेव्हा फुलांचे फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो, फूल तोडू नका. सळईच्या मापांची वही, विहिरींचे आकडे आणि ते फोटो इथेच टाका, मी बघून कुठला पट्टा लागवडीला घ्यायचा ते सांगतो. जमलं तर ऑक्टोबरात येऊनही जाईन, राजापुरात माझं काम चालूच असतं.